विकतचे धक्के

एकदा एक वृद्ध वस्ताद नगराच्या पैशातून शिव्या आणि धक्के विकत घेऊ लागला.

ऐकायला चमत्कारिक वाटेल, पण दवंडी तशीच पिटली गेली. "ऐका हो ऐका! उद्यापासून सकाळी वेशीपुढच्या माळावर या. नगराच्या शिपायांना ढकला, ओढा, तोंडाला येईल ते बोला, आणि जाताना ज्वारीचं माप घेऊन जा होऽ!" आपण काय ओरडतोय हे दवंडीवाल्याला स्वतःलाच पटेना. मध्येच डफ थांबवून तो चावडीवर परत विचारून आला म्हणे.

हे असं का झालं, ते आधी सांगितलं पाहिजे.

त्या नगराची देवी डोंगरावर होती. चैत्रात तिची जत्रा भरायची आणि पालखी नगरात यायची. पालखी वेशीत आली की भोई तिथे थांबत. मग आया आपली लेकरं पालखीच्या एका बाजूने खाली सोडत आणि दुसऱ्या बाजूने उचलून घेत. पालखीखालून गेलेल्या लेकराला वर्षभर दुखणं येत नाही, अशी तिथली श्रद्धा होती. आता आई म्हटली की ती नेणारच. अंगात ताप असलेलं लेकरू तर आधी नेणार. वेस मात्र इतकी अरुंद की दोन बैलगाड्या शेजारी-शेजारी जायच्या नाहीत. दरवर्षी काळजाचा ठोका चुकायचा, आणि दरवर्षी निभावून जायचं.

दवंडीच्या आदल्या वर्षी मात्र निभावलं नाही. कुणीतरी ओरडलं, गर्दी उसळली. शिपायांनी बापजाद्यांपासून चालत आलं तेच केलं. पालखीला धक्का लागू नये म्हणून ती आत घेतली, वेशीची दारं लोटली आणि बाहेरच्या लोकांवर काठ्या चालवल्या. पुढचे लोक मागे सरणार कुठे? मागचे तर पुढेच रेटत होते. मागच्यांना काय ठाऊक, पुढे दार लागलंय म्हणून!

त्या गर्दीत राही नावाची एक बाई होती. तिच्या हातात तिच्या ठकीचा हात होता. ठकी पाच वर्षांची. हात सुटला. एवढंच. पुढचं लिहवत नाही.

नगर पेटून उठलं. जुन्या नाईकाला काढून टाकलं आणि शिपायांचा नाईक म्हणून त्यांच्यातलाच एक तरुण, वस्तादाचा शिष्य, नेमला. लहानपणापासून तालमीत वाढलेला, शब्दाचा पक्का पोरगा. पण एक गोष्ट फक्त वस्तादाला ठाऊक होती. त्या दिवशी दाराच्या फळीला ज्यांचे हात होते, त्यांत ह्याचाही हात होता. वरून हुकूम झाला, त्याने दार लोटलं.

"वस्ताद," तो म्हणाला, "यंदा पुन्हा तसं झालं तर मी या नगरात तोंड दाखवणार नाही."

वस्ताद म्हणाला, "तुझ्या तोंडाचं राहू दे. लेकरं घरी कशी जातील ते बघ."

मग सभा भरली. शिपायांसाठी निधी उभा करायचं ठरलं. घरटी वर्गणी आली, ज्याच्याकडे पैसा नव्हता त्याने धान्य घातलं. राहीनेही आपल्या वाट्याची ज्वारी आणून ओतली आणि कुणाशी न बोलता निघून गेली. आता ह्या निधीचं करायचं काय? नगरशेट उठले. मोठे व्यापारी, देणगीही त्यांचीच मोठी. ते म्हणाले, "लोखंडी कड्यांच्या नव्या काठ्या घ्या. ढाली घ्या, तलवारी घ्या. शिपायाला पाहूनच गर्दी मागे सरली पाहिजे." सगळ्यांनी माना डोलावल्या.

वस्ताद कोपऱ्यात बसला होता. तो म्हणाला, "शेटजी, यंदाचा निधी माझ्या हाती द्या."

त्याचा मान मोठा होता. अर्ध्या नगराने त्याच्या तालमीची माती अंगाला लावलेली. नाही कोण म्हणणार?

वस्तादाने काठी एकही घेतली नाही. जाड चामड्याच्या टोप्या शिवून घेतल्या, कापूस भरलेले अंगरखे आणि रुंद कमरपट्टे घेतले. लांबवर ऐकू जाईल असा एक पितळी कर्णा घेतला. उरलेल्या सगळ्या पैशाची ज्वारी घेतली आणि दवंडी दिली. ती वर सांगितलीच.

पहिल्या दिवशी लोक लाजले. शिपायाला धक्का मारायचा म्हणजे काय! जन्मभर ज्याला पाहून रस्ता बदलला, त्याला? मग एक तेली पुढे झाला. "काय रे गेनू," तो एका शिपायाला म्हणाला, "संक्रांतीला माझी गाडी भर बाजारात उभी करून ठेवली होतीस ना? हा घे!" असं म्हणून त्याने जो खांदा मारला, तो गेनू आणि त्याच्या शेजारचे दोघे एकदमच मातीत गेले. माळावर हशा पिकला. त्यानंतर लाज कुणालाच उरली नाही. एक म्हातारी तर पदर खोचूनच यायची. सुनेला बोलता येत नाही ते सगळं शिपायांना बोलून जायची आणि जाताना ज्वारीचं माप शिगोशीग भरून घ्यायची.

शिपायांना नियम एकच होता. काठी घरी ठेवायची. एकमेकांच्या कमरपट्ट्यात बोटं अडकवून कडं करायचं आणि उभं राहायचं. कुणी ढकललं तरी कडं तुटता कामा नये, आणि कुणी काही बोललं तरी हात सुटता कामा नये.

लोकांनाही एक नियम होता. कर्णा वाजला की सगळ्यांत मागे असलेल्यांनी तोंड फिरवायचं आणि मागे चालू लागायचं. जो फिरणार नाही त्याला ज्वारी नाही.

"धक्के मारायचे का मागं फिरायचं? एकदा काय ते ठरवा की वस्ताद!" तेली ओरडायचा.

वस्ताद नुसता कर्णा तोंडाला लावायचा.

नगरशेट तापून माळावर आले. "वस्ताद, लोकांनी पोटाला चिमटा काढून हा निधी दिला, आणि तुम्ही तो शिव्या खायला उधळताय? परगावचे व्यापारी मला हसतात. म्हणतात, तुमच्या नगरात शिपाई मार खायला ठेवलेत!"

"हसू द्या, शेटजी. जत्रा होऊ द्या. मी चुकलो तर गाढवावर बसवून माझी धिंड काढा."

"धिंड काढून निधी परत येणार आहे का?"

"नाही," वस्ताद म्हणाला. "आणि लेकरूही परत येत नाही."

शेट निघून गेले, पण त्यांचं समाधान झालं नाही. खरं म्हणजे शिष्याचंही झालं नव्हतं. दिवसभर उन्हात उभं राहून शिव्या ऐकायच्या, ही कसली विद्या? त्याच्या मनात यायचं, म्हातारपणी वस्तादाचं डोकं तर फिरलं नाही ना?

आणि एके दिवशी राही आली.

ती आली तशी माळावरचा गलका थांबला. लोकांनी तिला वाट करून दिली. ती सरळ नाईकापुढे जाऊन उभी राहिली.

"दार कुणी लोटलं होतं?"

शिष्याने कमरपट्ट्यातली बोटं आणखी घट्ट केली.

"तुला विचारतेय. जीभ झडली का? माझी ठकी बाहेर होती. ती ओरडत होती. तुम्ही आत होतात. ऐकू येत नव्हतं का रे तुम्हाला?" असं म्हणत तिने त्याच्या छातीवर दोन्ही मुठी मारायला सुरुवात केली. अंगरख्यात कापूस होता, मूठ लागत नव्हती. पण जे लागायचं ते लागत होतं. शिष्याचा चेहरा पांढरा पडला. त्याचं त्यालाच कळायच्या आत त्याचा हात कमरपट्ट्यातून सुटला आणि त्याने तिचं मनगट धरलं.

कर्णा वाजला. वस्ताद जवळ आला.

"हात सोड."

"वस्ताद, मी मारत नव्हतो. नुसता धरला."

"धरलेल्या हाताला पुढचं काम आपोआप सुचतं. सोड."

त्याने हात सोडला. राही मनगट चोळत उभी राहिली. त्याच्याकडे बघत म्हणाली, "उद्या येते."

ज्वारी तिने घेतली नाही. पण ती रोज येऊ लागली. रोज तोच प्रश्न विचारायची. एकदा त्याने कडं सोडलं, टोपी काढून मातीत आपटली आणि वस्तादावरच ओरडला, "मी शिपाई आहे का खांब आहे? हे सहन करून उपयोग काय? तिच्या पोरीला मी परत आणू शकतो का?"

वस्तादाने टोपी उचलली, झटकली, त्याच्या हातात दिली. "उभा राहा," एवढंच म्हणाला.

पुढे एक दिवस असा आला की राहीने विचारलं, "दार कुणी लोटलं?" आणि शिष्य म्हणाला, "मीही होतो त्यात." त्या दिवशी तिने मूठ उगारली नाही. वळली आणि सगळ्यांत मागे, बायकांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. कर्णा वाजला तेव्हा इतरांबरोबर तीही मागे फिरली.

चैत्र आला, जत्रा भरली.

दुपार कलताना पालखी डोंगर उतरून वेशीपाशी आली. गर्दी इतकी की वरून तीळ टाकला तर खाली पडला नसता. परगावची माणसं, गाड्या, धूळ, भंडारा, ढोल. भोई वेशीत थांबले. बायका पुढे सरसावल्या. "माझं घ्या हो, आधी माझं!" "अगं बाई, ढकलू नकोस, ओटीत लेकरू आहे!" एकेक लेकरू पालखीखाली शिरत होतं, पलीकडे निघत होतं. काही रडत होती, काही मध्येच बसून भंडारा चाटत होती.

तेवढ्यात मागून आरोळी आली, "बैल सुटला! पळा, बैल सुटला!"

बैल होता की नव्हता, देवी जाणे. पण ती आरोळी ऐकून मागची सगळी जत्रा पुढे उसळली. तिला पुढे जायला एकच वाट होती, ती वेस.

पहिला रेटा आला तेव्हा बायका किंचाळल्या. त्या बाजूला रेटल्या गेल्या, आणि लेकरं पालखीखालीच राहिली. एका भोयाचा पाय घसरला, पालखी एका अंगाला कलली. ती खाली आली असती तर? विचारही नको वाटतो.

गेनू ओरडला, "नाईक, दार लावू का? दार!"

त्याचा हात दाराच्या फळीवर गेलाही होता. तीच वेस, तीच फळी. शिष्याला क्षणभर सगळं गेल्या वर्षीचं दिसलं. भ्याला तो. चांगलाच भ्याला.

"दाराला हात लावायचा नाही!"

"अरे, पालखी...!"

"पालखी आहे तिथंच राहील. खाली लेकरं आहेत. कडं करा!"

बोटं कमरपट्ट्यात अडकली. पालखीभोवती कडं झालं. शिपायांच्या पाठी लेकरांकडे, तोंडं गर्दीकडे. रेटा आला. छातीवर आला, खांद्यावर आला. कुणाच्या तरी गाठोड्याचा फटका गेनूच्या नाकावर बसला. "सोडा आम्हाला! मेलात का रे!" कुणी थुंकलं. कुणी तरी दगड फेकला, तो दाणकन नाईकाच्या डोक्यावर बसला. चामड्याला चीर पडली, डोकं शाबूत राहिलं. डोकं शाबूत राहिलं म्हणून भानही राहिलं. समोर एक माणूस लालभडक डोळे करून त्याला शिव्या देत होता, त्याचा गळा धरू पाहत होता, आणि शिष्याच्या ध्यानात आलं की हा माणूस वाईट नाही. ह्याला पुढे जायचं नाहीये. ह्याला मागून कुणीतरी ढकलतंय.

"कर्णा!" तो ओरडला.

वेशीच्या बुरुजावर वस्ताद उभा होता. त्याने कर्णा फुंकला. काही झालं नाही. त्याने पुन्हा फुंकला. भोयाचे पाय थरथरत होते. पालखीखालून एक लेकरू "आये, आये" करत होतं.

आणि मागे, अगदी मागे, बायकांच्या घोळक्यात एका बाईने तोंड फिरवलं. ती राही होती. "मागं फिरा गं!" ती ओरडली. "कर्णा वाजला, मागं!" तिने शेजारणीचा खांदा धरून तिला वळवलं. त्या आवाजासरशी तेली वळला, त्या खमक्या म्हातारीनेही तोंड फिरवलं. ज्यांनी ज्यांनी माळावर ज्वारी मिळवली होती ते सगळे वळले. ते काही विचार करून वळले नाहीत. पायांना सवय झाली होती, पाय वळले. त्यांना बघून परगावचेही वळले.

दूध उतू जाताना वरून फुंकर मारत बसलो तर ते जातंच. खालचं लाकूड बाहेर ओढलं की आपोआप खाली बसतं. तसा तो रेटा बसला. बायकांना श्वास आला. भोयांनी पालखी सावरली. शिपायांनी कडं न सोडता आतल्या आत वाट केली आणि लेकरं बाहेर येऊ लागली. धुळीने माखलेली, नाक पुसत, एकेक करत. आया नावं घेऊन हाका मारत होत्या. लेकराच्या अंगावरून हात फिरवून बघत होत्या. कुणाचंही लेकरू गेलं नव्हतं.

शेवटी एक दोन-अडीच वर्षांचं पोर उरलं. त्याला न्यायला कुणी आलं नव्हतं. शिष्याने त्याला उचललं. पोराने त्याच्या फाटक्या टोपीची चीर धरून ठेवली आणि मोठ्याने भोकाड पसरलं.

नगरशेट धापा टाकत आले. त्यांच्या पागोट्याचा पत्ता नव्हता. त्यांची सूनही नातवाला घेऊन त्याच गर्दीत होती. "सगळे सुखरूप?" त्यांनी विचारलं. होय म्हटल्यावर ते मटकन ओट्यावर बसले. थोड्या वेळाने दम खाऊन म्हणाले, "वस्ताद, मानलं तुम्हाला. आता शिपाई शिकले, लोकही शिकले. काम झालं. पुढच्या वर्षी हा खर्च नको. त्या पैशात वेशीवर छानशी कमान बांधू."

वस्ताद बुरुजावरून सावकाश उतरला होता. तो म्हणाला, "शेटजी, तुमच्या घरी काल पोटभर जेवण झालं, म्हणून आज कुणी चूल विकून टाकली का?"

शेटांनी उघड्या डोक्यावरून हात फिरवला.

"भ्यालेला माणूस विचार करत नाही," वस्ताद म्हणाला. "हाताला जे सवयीचं असतं ते तो करतो. गेल्या वर्षी हीच पोरं होती. दुष्ट नव्हती. भ्याली, आणि हाताला दार लावायची सवय होती. ती सवय आपणच दिली होती. काठी कशी मारायची ते आपण शिकवलं, आणि ती कधी उचलायची नाही ते शिकवायला पैसा नाही म्हणालो. काठी बाजारात मिळते, शेटजी. थांबणं मिळत नाही. ते माणसाच्या अंगात मुरवावं लागतं, त्याला ज्वारी लागते, दिवस लागतात, वरून शिव्या लागतात. आणि सोडून दिलं तर वर्षभरात पुसून जातं. टोपी मी घेतली ती ह्याचं डोकं वाचावं म्हणून, आणि ह्याचं डोकं वाचलं म्हणजे समोरच्याचंही वाचावं म्हणून. लोकांचा पैसा लोकांच्याच अंगी लागला. आता कमान बांधायची का ते तुम्ही ठरवा."

शेट ओट्यावरच्या धुळीत बोट फिरवत बसून राहिले.

तेवढ्यात गर्दीतून एक बाई धावत आली. केस सुटलेले, एका पायात जोडवं नाही. "दाम्या! अरे माझा दाम्या!" असं म्हणत तिने नाईकाच्या हातातून पोर अक्षरशः हिसकावून घेतलं. नाईकाच्या खांद्याला धक्का बसला. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. पोराला छातीशी धरून, त्याचे मुके घेत, त्यालाच रागावत ती निघून गेली.

तिला वाट दाखवत राही आली होती. ती क्षणभर थांबली. नाईकाच्या डोक्याकडे बघून म्हणाली, "लागलं का?"

"नाही. टोपी फाटली."

"शिवून घे," ती म्हणाली आणि गेली.

शिष्याने टोपीची चीर चाचपली. मग हळूच म्हणाला, "वस्ताद, त्या दाम्याच्या आईने माझे आभारही मानले नाहीत."

"वाईट वाटलं?"

शिष्याने विचार केला. शिपायाच्या हातातून काहीही हिसकावून घ्यायला आजवर ह्या नगरात कुणी धजलं नव्हतं. ती बाई परगावची, त्याला ओळखतही नव्हती. तरी तिला त्याची भीती वाटली नाही.

"नाही," तो म्हणाला. "वाईट नाही वाटलं."

आपण अजून घास भरवताना लेकराला सांगतो, गप खा, नाहीतर पोलीस येईल. पोलिसाला थांबायला शिकवण्याचा खर्च आपण मनापासून उचलू, त्या दिवशी ही धमकी ऐकून लेकरू हसेल, आणि त्याला जेवू घालायला आपल्याला दुसरं काहीतरी शोधावं लागेल.